जॅकमधली अक्षता

"अहो दादा, तो धनेश कुठे आहे?"

शहाड स्टेशनबाहेरच्या त्या चिंचोळ्या दुकानात निशिगंधा शिरली तीच अशी. खांद्यावर गिटार, हातात पेडलची पिशवी आणि नाकाच्या शेंड्यावर राग. काउंटरमागचा मुलगा डोळ्याला भिंग लावून कुठल्याशा कीबोर्डच्या पोटात वाकून बसला होता. त्याने वर पाहिलं... आणि पाहतच राहिला. भिंगामुळे त्याचा एक डोळा वाटीएवढा दिसत होता. दुसरी वेळ असती तर ती हसली असती.

"काम काय होतं?"

"काम? वाट लावलीय त्याने माझी!"

आणि मग सुरूच झाली. पेडल म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायची ती लोखंडी पेटी. तिची पॉवरची पिन ढिली झाली होती, म्हणून बँडमधल्या मितेशने ती इथे दुरुस्तीला आणून दिली आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी पोचवली. दसऱ्याला संध्याकाळी डोंबिवलीत कार्यक्रम. हॉल भरलेला, निशिगंधाने झोकात तार छेडली, आणि... काही नाही. ठार शांतता. तीनशे माणसं तिच्या तोंडाकडे बघतायत. निशिगंधा पडली माजिवड्याची, तिखट जिभेची. घेतला माइक आणि म्हणाली, "शहाडच्या धनेशकडे कोणी काही दुरुस्तीला देऊ नका हं, चालू वस्तू मारून देतो!" लोक खो खो हसले. कोणीतरी शूट केलं, आणि सकाळपर्यंत तो व्हिडिओ ठाण्यापासून कल्याणपर्यंत वाजवणाऱ्यांच्या झाडून सगळ्या ग्रुपवर फिरला.

"खोटं बोलले का मी?"

"नाही..." मुलगा भिंग काढत म्हणाला, "म्हणजे, बघायला लागेल. तो येईपर्यंत मी बघू?"

"तुम्हाला येतं?"

"थोडंफार."

त्याने तिची केबल बदलून पाहिली. आवाज मोठा करणारा अॅम्प बदलून पाहिला. गिटार थेट अॅम्पला लावली, तर खणखणीत वाजली. पेडल मध्ये आलं की पुन्हा मुकं. पण पेडलचे दिवे लागत होते आणि छेडलेली तारही त्याच्या छोट्या स्क्रीनवर बरोबर उमटत होती.

"आवाज आत जातोय," तो म्हणाला, "बाहेर येत नाहीये. घरी नेल्यावर वाजलं होतं?"

"हो. आदल्या दिवशी तासभर वाजवलं."

"मग मध्ये काय झालं?"

"काही नाही! हात पण लावला नाही मी. देवासमोरच ठेवलेलं."

"देवासमोर..." तो किंचित हसला आणि त्याने हेडफोन उचलला. त्याची पिन पेडलच्या जॅकमध्ये, म्हणजे हेडफोन खोचायच्या भोकात, पूर्ण जाईना. त्याने टॉर्च मारला, बारीक चिमटा आत घातला, श्वास रोखला. निशिगंधाही नकळत इतकी वाकली, की तिच्या केसांची बट त्याच्या मनगटाला लागली. चिमटा तेवढ्यापुरता हलला.

"ए... सॉरी."

"नाही, ठीक आहे."

चिमट्यातून काउंटरवर पडला तो तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल झालेला.

"पेडलला वाटत होतं, हेडफोन लावलाय. म्हणून बाहेरचा आवाज त्याने आपणहून बंद केला. बिचारं शहाणं आहे तसं," तो म्हणाला. "दसऱ्याला पूजा केलेली का?"

निशिगंधाच्या डोळ्यांसमोर सकाळ उभी राहिली. पाटावर बाबांचा कोयता, विळी, तिचं पेडल. आणि आई, गोदा, मूठभर अक्षता वाहतेय, 'माज्या पोरीचा हत्यार' म्हणत. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हॅलो... हो सर, धनेशच बोलतोय." त्याने पाठ फिरवली. "हो, बघितला मी तो व्हिडिओ... नाही सर, मी काय बोलणार. ठीक आहे. दुसरा कोणी मिळाला असेल तर... हो."

धरणी दुभंगली असती तर निशिगंधा आनंदाने आत गेली असती. त्याने फोन ठेवला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"डोंबिवलीचा म्युझिक क्लास. त्यांची सगळी वाद्यं मीच बघायचो."

"तुम्ही... आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही धनेशला शिव्या देत होतात आणि मला दादा म्हणत होतात. म्हटलं, त्यापेक्षा दादाच बरा."

ती माफी मागणार होती, देवाशपथ मागणार होती. पण तोंडातून फुटला तो नुसता "निघते". पेडल छातीशी धरून ती पळाली, आणि रिक्षात बसल्यावर तिला रडू आलं. एवढी जीभ चालवते, आणि एक 'चुकलं' म्हणता येऊ नये?

चार दिवस तिने ग्रुपवाल्यांना मेसेज करकरून व्हिडिओ काढून टाकायला लावले. पण बूंद से गयी वो हौद से नहीं आती. इथून काढला की तिथे उगवायचा, वर हसण्याच्या रांगा. तिला जेवण गोड लागेना. पाचव्या दिवशी ती पुन्हा शहाडला गेली. हातात एक धडधाकट केबल होती.

"ही बिघडलीय."

धनेशने केबल मीटरला लावली. मीटर लगेच टूं करून ओरडला. "चांगली आहे की."

"माहितीये मला." तिने मान खाली घातली. "चुकलं माझं. न बघता, न विचारता बोलले. त्या दिवशी तुमच्यासमोर उभं राहवेना... लाज वाटत होती. अजून वाटते."

बाहेर परतीच्या पावसाची एक सर पत्र्यावर वाजून गेली. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. चहा घेणार?"

"चिडा ना माझ्यावर!"

"चिडलेलो. दोन दिवस. मग तुमचा तोच व्हिडिओ परत बघितला... म्हणजे, बऱ्याचदा बघितला." त्याचे कान लाल झाले. "चिडल्यावर तुमची डावी भुवई वर जाते."

"जात नाही!"

"आत्ताही गेली."

ती हसली आणि लगेच ओशाळली. हसायचं तोंड होतं का तिला? "दिवाळी पहाटेला डोंबिवलीत फडके रोडला आमचा कार्यक्रम आहे. स्टेजवर बोलले ते स्टेजवरच परत घेणार. दाण्याचं, आईने केलेल्या पूजेचं, सगळं सांगणार."

"नको." धनेश गंभीर झाला. "मग लोक तुमच्या आईला हसतील. माझं काम काय, मिळेल दुसरं. त्यांनी मायेने पूजा केली, त्यांचा कशाला तमाशा?"

निशिगंधा त्याच्याकडे बघत राहिली. आपण ज्याचं नाव मातीत घातलं तो आपल्या आईची अब्रू जपतोय... तिथेच ती त्याच्या प्रेमात पडली. आणि लाज दुप्पट झाली.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. गोदा भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"अगो, मंग सांग ना सगल्यांना! अक्षता मीच वायली ना? हसतील तं हसतील, माजं काय दात परतील? पन त्या पोराचा नाव खराब झायला, ता आदी धुवून काड."

दिवाळीच्या पहाटे फडके रोड नव्या कपड्यांनी फुलला होता. पहिल्या गाण्याआधी निशिगंधाने माइक धरला.

"दसऱ्याला मी शहाडच्या धनेशबद्दल जे बोलले, ते खोटं होतं. त्यांनी पेडल नीट करून दिलेलं. ते बंद पडलं... आमच्या घरच्या अक्षतेने. दाणा जॅकमध्ये अडकला होता, आणि मी स्वतः न तपासता त्यांना बदनाम केलं. हात जोडून माफी मागते. आता हेही शूट करा, आणि तेवढंच फिरवा."

हशा उठलाच. पण पुढच्या रांगेतून गोदा हात वर करून उभी राहिली, "मीच ती, अक्षतावाली!" आणि हशाच्या टाळ्या झाल्या. मग निशिगंधाने तार छेडली. पेडल असं वाजलं की बस.

गाणी संपल्यावर धनेश स्टेजच्या मागे आला. इस्त्रीचा कुर्ता, नीट विंचरलेले केस. त्याने प्लास्टिकची एक इवलीशी पुडी पुढे केली. आत तो लाल दाणा होता.

"तुमचा राहिलेला. परत द्यायला आलाय... तुमचा दादा."

"स्वतःला दादा म्हणू नका," ती पटकन म्हणाली. "आणि मीही नाही म्हणणार."

"मग हा दाणा?"

"वाहिलेली अक्षता परत नाही घेत." तिने त्याची मूठ हळूच मिटवली. हात मात्र काढून घेतला नाही. "हा एक तुम्ही सांभाळा. बाकीच्या... घरचे टाकतील ना. दोघांवर."

धनेश वाकून हळूच म्हणाला, "मान वर करा ना. लाज वाटतेय का अजून?"

"नाही हो," ती मान तशीच खाली ठेवून म्हणाली. "आता लाजतेय."