राणीच्या छापाची सुकेळी

"कल्पेश, मार पायडल! टेम्पो तुळिंजकडे वळला!" हेमांगी ओरडली आणि तीन सायकली धूळ उडवत सुसाट निघाल्या.

सातवीतली हेमांगी एव्हरशाईन सिटीत राहायची. तिचा मामेभाऊ कल्पेश मे महिन्याच्या सुट्टीसाठी चांदीप गावाहून आला होता आणि मार्सेल तिच्याच वर्गातला. मार्सेलची फ्लॉसी आंटी राजेळी केळी उन्हात वाळवून अशी सुकेळी करायची, की नुसत्या वासानं तोंडाला पाणी सुटावं! पण आज संध्याकाळी करार झाला की ती सगळी सुकेळी जितेंद्रशेठ नावाच्या व्यापाऱ्याची होणार होती.

"माझा माल इंग्लंडच्या राणीच्या राजवाड्यात जातो," शेठ सांगत फिरायचा. "खोक्यावर राजचिन्ह लावायचा मान मिळालाय मला! आंटी, तुमचं नाव कोण ओळखतं? सगळी सुकेळी मला द्या, माझ्या नावानं विकू."

आंटी भुलली होती. हेमांगीच्या बाबांनी, म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष हर्षवर्धनराव यांनी, तर कराराच्या समारंभासाठी मांडवही घालून ठेवला होता.

आज सकाळी गोम पकडली कल्पेशनं. मार्सेलकडे त्याच्या आलोशियस अंकलनी लंडनहून आणलेला बिस्किटांचा डबा होता. त्यावर तेच राजचिन्ह!

"आरे, हित्तं सिंह डावीकडं नि शिंगवाला घोडा उजवीकडं," कल्पेश म्हणाला. "शेठच्या खोक्यावर उलटं हाय ना!"

"आणि अंकल म्हणतात, हे चिन्ह असंच नाही मिळत," मार्सेलनं सांगितलं. "निदान पाच वर्षं राजवाड्याला माल पुरवावा लागतो!"

हेमांगी धावत बाबांकडे गेली. पण बाबा म्हणाले, "उलटं काय नि सुलटं काय! मोठ्यांच्या कामात लुडबुड नको. जा, खुर्च्या पुसा!"

खुर्च्या तशाच राहिल्या आणि तिघं शेठच्या टेम्पोमागे लागली.

तुळिंजमध्ये टेम्पो पत्र्याच्या एका गाळ्यासमोर थांबला. ड्रायव्हर चहाला गेला. तिघांनी हळूच डोकावलं. आत एक म्हातारा रंगारी खोक्यांवर साचा ठेवून सोनेरी रंग मारत होता. सुकेळीची खोकी, उदबत्तीची खोकी, कपडे धुण्याच्या पावडरीची खोकी, सगळ्यांवर तेच चिन्ह!

"चला, पळू या!" मार्सेल कुजबुजला.

पण हेमांगी सरळ आत शिरली. "आजोबा, काय मस्त आहे हो! माझ्या पिशवीवर माराल?"

"त्यात काय पोरी! शेठ दाखवतो त्यावर मारतो, तुझ्या पिशवीवर पण मारतो," रंगारी हसला. फटकन छाप उठला!

बाहेर पडतात तोच स्कूटर थांबली. जितेंद्रशेठ!

"ए पोरांनो, काय करताय इथं?"

हेमांगीनं पिशवी पाठीमागे लपवली. "सायकलीत हवा भरायची होती, काका!"

"मग पुढं जा! इथं हवा नाही मिळत!"

तिघांनी जी धूम ठोकली, ती थेट मांडवापर्यंत!

संध्याकाळी मांडव भरला. फ्लॉसी आंटीनं सहीसाठी पेन उचललं आणि हेमांगी टुणकन स्टेजवर चढली.

"काका, एक प्रश्न! तुमचा धंदा कधी सुरू झाला?"

"दोन वर्षांपूर्वी, बेटा," शेठनं मिशीला पीळ दिला. "आणि पहिल्याच खोक्यावर राणी खूश!"

"पण पाच वर्षं माल पुरवल्याशिवाय हा मान मिळतच नाही!" मार्सेल खालून ओरडला.

"हेमांगी, खाली ये!" बाबा गरजले.

"येते बाबा, पण आधी हे बघा. मीसुद्धा राणीला माल पुरवते!" तिनं पिशवी उंच धरली. सोनेरी सिंह आणि शिंगवाला घोडा लखलखत होते! "आज दुपारी तुळिंजच्या गाळ्यात मिळाला मला हा मान. तिथं कपडे धुण्याच्या पावडरीलाही मिळालाय!"

मांडवात हशा पिकला! शेठचा चेहरा पांढराफटक पडला. तो मागच्या मागं सटकू लागला, तर तिथं कल्पेश सायकल आडवी घालून उभा!

"कुटं चाल्ले, शेट? पानी तरी पिऊन जा!"

दोन काकांनी शेठचे दंड धरले आणि त्याला पोलीस चौकीकडे नेलं. बाबा मान खाली घालून उभे होते. मग त्यांनी माइक हातात घेतला.

"सकाळी या मुलांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. हेमांगी, कल्पेश, मार्सेल, तुम्ही आमची सगळ्यांची लाज राखलीत. शाब्बास!"

टाळ्या थांबेनात! फ्लॉसी आंटीनं कराराचा कागद टराटरा फाडला आणि तिघांना कवेत घेतलं. "मग बाळांनो, आता माझ्या खोक्यावर कोणाचं नाव लिहू रे?"

अख्खा मांडव एका आवाजात ओरडला, "फ्लॉसी आंटीचं!"