कळीची नोंद

त्या तावाशी कुणीतरी छेडछाड केली आहे, आणि ज्याने केली त्याला ते पक्कं ठाऊक आहे. महिनाभर मी हेच घोकतेय. बसा जरा. दिवा राहू दे तसाच. पहिल्यापासून सांगते.

काम साधंच होतं. आमच्या संस्थेच्या तळघरात वाळवलेल्या झाडांचा जुना संग्रह आहे. जाड कागदाचा ताव, त्यावर डहाळी, तिला दोऱ्याचे टाके आणि कोपऱ्यात तारखेची चिठ्ठी. एकेका तावाचा फोटो काढायचा आणि संगणकात नोंदवायचं, कळी आहे, फूल आहे की फळ. वरच्या मजल्यावरच्या ताई फोटो बघून माझी नोंद तपासायच्या. मी जिनासुद्धा दोन-दोन पायऱ्या गाळून चढते म्हणून त्या मला 'घाईबाई' म्हणायच्या.

पण घाई होतीच. हा संग्रह कशाच्या उपयोगाचा, याचा अहवाल महिनाअखेरीस द्यायचा होता. तो पटला नाही तर तळघर रिकामं करून तिथे गाड्या लावणार होते. तावांचं काय, हे कुणी विचारतसुद्धा नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सगळी भिस्त एका झाडावर होती. इमारतीमागे, पाण्याच्या टाकीजवळ ते अजून उभं आहे. फार पूर्वी इथे काम करणाऱ्या एक बाई दरवर्षी ठरलेल्या एकाच तारखेला त्याची डहाळी आणून तावावर शिवायच्या. चाळीस वर्षं, एकही खाडा नाही. सुरुवातीच्या तावांवर त्या तारखेला नुसत्या कळ्या. मधल्यांवर अर्धी उमललेली फुलं. शेवटच्यांवर फुलं झडायला लागलेली. बहर लवकर लवकर येत चाललाय, याचा आणखी काय पुरावा हवा?

एकच ताव आडवा आला. बाईंचं तिसरं वर्ष. आजूबाजूच्या सगळ्या वर्षांत कळ्या, आणि यावर तीन पूर्ण उमललेली फुलं.

एखादं वर्ष असं वेगळं निघतंच, हे मला कळत होतं. अहवाल वाचणाऱ्यांना कळलं नसतं. त्यांना निमित्तच हवं होतं. फोटो काढताना एक पाकळी तुटली. ती मी तावावर चिकटवलेल्या छोट्या पाकिटात ठेवली, तसा नियमच आहे. आणि नोंद केली, 'कळी'.

ताई पकडतील, असं एक मन म्हणत होतं. त्यांनी पकडावं, असंही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा शेरा आला, 'बरोबर'.

मी फोटो उघडला. तीन कळ्या. घट्ट मिटलेल्या.

तळघरात उतरले. तिथल्या डांबरगोळ्यांचा वास माझ्या कपड्यांत, केसांत मुरलेला होता. त्या दुपारी तो नव्हता. त्याच्या जागी नुकत्याच तोडलेल्या देठाचा ओला, हिरवा वास होता. आणि कपाटाच्या आत कागद कागदावर घासत होता. थांबून थांबून. मी दार उघडलं, आवाज बंद झाला.

ताव बाहेर काढला. तेच टाके, तोच फाटका कोपरा, डिंकात उमटलेला बाईंचा तोच अंगठा. वाळलेलं फूल पुन्हा मिटत नाही हो. मिटायला त्यात काही उरलेलंच नसतं. कुणीतरी डहाळीच बदलली असणार, मी स्वतःला बजावलं. पण एकही टाका उसवलेला नव्हता.

मग मी पाकीट उघडलं.

पाकळी आत होती. पांढरी, गार, ओलसर. आत्ताच गळून पडल्यासारखी.

पाकीट मुठीत धरून मी वर पळाले.

"ताई, मी खोटं लिहिलं... ती फुलं होती."

ताईंनी फोटो मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "अगं, कळ्या ढळढळीत दिसतायत. जेवलीस का सकाळपासून काही?"

मी पाकीट त्यांच्या हातावर उपडं केलं. तपकिरी चुरा पडला.

नोंद बदला म्हणून मी खूप विनवलं. पण फोटो एक सांगतोय आणि मी दुसरंच, तर त्या तरी कशाच्या आधारावर बदलणार? अहवाल तसाच गेला. तळघर वाचलं. ज्याने त्याने पाठ थोपटली, आणि प्रत्येक थापेला मी दचकत होते.

काल बाईंची तारीख होती. त्यांच्यानंतर बंद पडलेली रीत पुन्हा सुरू करायची, आणि या वेळी डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं, असं मी ठरवलं होतं. आता तर या तारखेपर्यंत झाडाखाली पाकळ्यांचा सडा पडलेला असतो. काल जमीन कोरी होती. माळीकाका टाकीपाशी पाण्याची नळी गुंडाळत बसले होते. मी त्यांच्याकडे फुलांची एक डहाळी मागितली.

त्यांनी वर पाहिलं, हातातली नळी खाली ठेवली.

"फूल मिळायचं नाही, पोरी. महिना झाला, कळ्या आहेत तशाच आहेत... सकाळी एक सोलून पाहिली मी. आत नुसता तपकिरी चुरा. आणि वास कसला, तर तुमच्या तळघरातल्या डांबरगोळ्यांचा."