मानसिंगचा पांढरा कॅमेरा

“पांढरा पेटीत ठेव, शब्बीर. काळा दे इकडं.”

मानसिंगचे हे शेवटचे शब्द शब्बीरच्या कानात तसेच राहिले होते. अडचण एवढीच, की शब्बीरखेरीज ते दुसऱ्या कुणीच ऐकले नव्हते.

“आन् तेवढ्यासाठी त्याला फासावर चढवत्यात का हो, ताई?” झुबेदाने विचारलं. यमुताई रिसबुडांच्या ओसरीवर ती अंग चोरून बसली होती. तिचा नवरा शब्बीर चार दिवसांपासून भोर संस्थानच्या कोठडीत होता.

यमुताईंचे यजमान वकील होते. अशिलांच्या भानगडी ऐकता ऐकता त्यातली गाठ यजमानांआधी यमुताईंना सापडायची, हे गावाला ठाऊक होतं. यजमान गेले तरी लोक यायचे राहिले नाहीत. आता जिथं जायचं तिथं धाकटे दीर विनायकराव सोबत असत. मनाने सरळ, पायाने दमदार, आणि विचाराने जरा मागून येणारे.

“नीट सांग,” यमुताई म्हणाल्या. तुळशीला घालायचं पाणी त्यांच्या हातातल्या तांब्यात तसंच होतं.

झुबेदाने सांगितलं. मानसिंग आणि शब्बीर यांचं भोरात फोटोचं दुकान. मानसिंग फोटो काढायचा, शब्बीर अंधाऱ्या खोलीत ते धुवायचा. त्या माघात मुंबईच्या दलालाने पसंतीला दोन छोटे जर्मन कॅमेरे पाठवले. आतून सारखेच. बाहेरून एक काळ्या रंगाचा, दुसरा क्रोमचा मुलामा दिलेला, चांदीसारखा पांढरा. एक ठेवायचा, एक परत करायचा.

“ह्यो म्हणत होता काळा घ्या, रोज हाताळायला बरा. मानसिंगदादा म्हणायचे पांढराच घेणार. दुकानात सगळ्यांपुढं तोंडातोंडी झाली. दुसऱ्या दिवशी दादा एकटेच तोरण्याकडं गेले, आन् कड्याखाली मेलेले सापडले.” तिने पदर तोंडाला लावला. “पांढरा आमच्या पेटीत, समद्यात वर मिळाला. काळा कुठं न्हाईच.”

“शब्बीर त्या दिवशी कुठं होता?”

“अंधाऱ्या खोलीत. एकटाच. कोण साक्ष देणार?”

झुबेदा गेल्यावर विनायकराव मान हलवत म्हणाले, “वहिनी, कठीण दिसतंय. भांडण झालंय, माल घरात सापडलाय.”

“माल घरात सापडला हेच मला नवल वाटतंय, भावजी. खून करून आणलेली वस्तू कुणी पेटीत सगळ्यात वर ठेवतं?”

त्यांनी तुळशीला पाणी घातलं आणि शाल घेतली.

*

फौजदार माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला घाई होती.

“सरळ आहे, बाई. मानसिंग लग्नामुंजीचे फोटो काढणारा. मंगलकार्यात काळी वस्तू बायका पुढं येऊ देत नाहीत, म्हणून मी पांढराच घेणार, असं तो चावडीपासून बाजारापर्यंत सांगत फिरला होता. तोच घेऊन तो कड्यावर गेला. तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यातल्या कुंडलिकने पाहिलंय. दुपारभर वर कॅमेरा आरशासारखा चमकत होता, आणि शेजारी दुसरा माणूस उभा होता. तोच चमकता कॅमेरा संध्याकाळी शब्बीरच्या पेटीत. मधे काय झालं ते सांगायला हवं?”

“दुसरा माणूस शब्बीरच होता, असं कुंडलिक म्हणाला?”

“दुसरा माणूस म्हणाला. शब्बीर का, असं मी विचारलं. तो नाही म्हणाला नाही.”

“आणि काळा कॅमेरा?”

“लपवला असेल. तरी मी कड्यावर माणसं लावली होती. लख्ख ऊन होतं. कुठं काही चकाकताना दिसलं नाही.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“पडून मृत्यू. काखेत आणि छातीभोवती वळ होते, पण एवढ्या उंचावरून पडल्यावर अंगावर काय उठणार नाही? प्रेताजवळ दोर वगैरे काही नव्हता. उतरताना निसटला म्हणावं, तर दोर हवा. म्हणजे वरून ढकलला.” फौजदार हसला. “आज सोमवार ना तुमचा? उगाच उपाशी फिरू नका.”

“उपाशी डोकं बरं चालतं, फौजदारसाहेब,” यमुताई शांतपणे म्हणाल्या. “शब्बीरला दोन शब्द विचारू द्या.”

शब्बीर गजांमागे गुडघ्यात मान घालून बसला होता.

“काळा का मागितला त्यांनी?”

“ठाऊक न्हाई, ताई. आदल्या दिशी भांडलो होतो. मी रागात होतो. इचारलंच न्हाई. काळा दिला आन् तोंड फिरवलं.” मान वर न करता तो म्हणाला, “तेवढं इचारायला पायजे होतं.”

*

मानसिंगच्या घरात त्याची बायको फुलाबाई भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं होतं.

“त्या शब्बीरची बाजू घ्यायला आलात न्हवं?”

“बाजू घ्यायला नाही. बघायला आले,” यमुताई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. “ते कशाचा फोटो काढायला गेले होते?”

“कड्यात ससाण्याचं घरटं हाय म्हनं. पुण्याच्या कुना साहेबानं मागितला हुता. मी म्हनलं, शिकारी पाखरू, कशाला त्याच्या वाटंला जाता?” तिने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. “त्या दिशी घरातनं निघतानाच समदं इपरीत झालं वो. हातातलं चांदीचं कडं काढून देव्हाऱ्यात ठिवलं. सासूबाईंनी घातलेलं, जल्मात कदी काढलं न्हवतं. कोटाची पितळी बटनं स्वता कातरली आन् दोऱ्यानं काळ्या चिंध्या बांधल्या. भाकरीच्या डब्याचं झाकन दिव्यावर धरून काजळी धरवली. नवं लख्ख झाकन! मी वरडले, तर नुसतं हसले. मानसाला मरन आधी कळतं म्हनत्यात, ते खोटं न्हाई.”

यमुताई देव्हाऱ्याकडे बघत राहिल्या. कडं तिथं निरांजनाशेजारी होतं.

बाहेर आल्यावर विनायकराव हळूच म्हणाले, “वहिनी, चिंध्या, काजळी... हा करणीचा प्रकार तर नसेल?”

“भावजी, तुमच्यापुढं कुणी शेकोटी पेटवली, तर तुम्हाला भूत दिसेल.”

“मग काय आहे?”

“वेल्ह्याला चला. सांगते.”

पण वाटेत त्यांनी सांगितलं नाही. नसरापूरपर्यंत मोटार, पुढे छकडा. यमुताईंचे ओठ जपात हलत होते आणि नजर तोरण्याच्या काळ्या कड्यावरून हलत नव्हती.

*

कुंडलिक गावाखालच्या ओढ्याकाठी भेटला. कड्यात दोर सोडून मध काढायचा त्याचा धंदा होता. अंगाभोवती घोंगडी घट्ट ओढून, हात आत घेऊन तो उभा राहिला.

“सकाळी त्यांनी वाट इचारली, म्या दावली. मंग मी हितं गवत कापत हुतो. दिवस कलंस्तवर हितंच.”

“इथून हललाच नाहीस?”

“न्हाई. हितनंच दिसलं. वर फोटूचं यंत्र चमकत हुतं. लई चमकत हुतं. डोळं दिपायचं.”

“हे त्या दिवशी दिसलं, की फौजदारांनी पांढरा कॅमेरा सापडल्याचं सांगितल्यावर आठवलं?”

“दिसलं म्हनलं न्हवं!” तो तडकला. मग लगेच खाली बघत म्हणाला, “चुकलो, आईसाब. डोकं ठिकान्यावर न्हाई.”

त्याचं घर वर, कड्याच्या माथ्याकडे जाणाऱ्या धारेवर होतं. भोवतालचं गवत जळून काळं झालं होतं. गोठ्याला छप्पर नव्हतं, चार मेढी तेवढ्या उभ्या होत्या. जनावरं मात्र समोर उन्हात रवंथ करत होती.

कुंडलिकची बायको बनाबाई हिने पाण्याचा तांब्या दिला.

“उपास हाय व्हय? मंग गूळ तरी घ्या.”

“गोठ्याला काय झालं गं?”

“वनवा आला वो, फोटूवाला पडला त्याच दुपारी. येका दिसात गावावर दोन घाव. मी पान्याला गेले हुते. समदी जनावरं दावनीला बांदलेली.” तिचा चेहरा उजळला. “आमचं कारभारी कड्याकडनं पळत आलं आन् आगीत शिरलं. दावी तोडली. हात कोपरापातुर भाजल्यात, पन येक वासरू जाऊ दिलं न्हाई.”

“देवाने सांभाळलं,” यमुताई म्हणाल्या. भिंतीवर एक जाड खुंटी होती. तिला हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती, पण खुंटी रिकामी होती. “इथं काय असतं?”

“मधाचा दोर. वाखाचा. पोटाचं साधन, म्हनून पुजतो. कुटं टाकलाय कुनाला ठावं, इचारलं की वसकन अंगावर येत्यात.”

यमुताई पाणी प्यायल्या. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि त्या बाहेर आल्या. मग त्या पायवाटेवरच थांबल्या.

“भावजी, गावात दुसरा मध काढणारा असेल. त्याला शोधा. कड्यात उतरायचं आहे. आणि फौजदारांना निरोप पाठवा, उद्या शब्बीरला घेऊन या.”

“शोधायचं काय?”

“जे कुणाला दिसलं नाही ते. त्याला म्हणावं, डोळ्यांनी नको, हाताने चाचपून शोध.”

*

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या चावडीत फौजदार, बेडी घातलेला शब्बीर आणि दाराशी कुंडलिक, असे सगळे जमले. यमुताईंच्या पुढ्यात फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. त्यांचा आवाज नेहमीइतकाच हळू होता, म्हणून सगळे गप्प झाले.

“फौजदारसाहेब, मानसिंगने निघताना हातातलं कडं काढलं. कोटाची पितळी बटणं कातरली. डब्याच्या झाकणाला काजळी धरवली. का?”

“अपशकुन म्हणते त्याची बायको.”

“अपशकुन नव्हे, हिशेब. कड्यातलं रानपाखरू लकाकी दिसली की बुजतं, घरट्यावर येत नाही. अंगावर चमकणारं काही राहू नये म्हणून ज्याने आईने घातलेलं कडं काढलं, तो गळ्यात चांदीसारखा कॅमेरा अडकवून जाईल?”

विनायकराव एकदम म्हणाले, “म्हणजे लग्नाला पांढरा...”

“आणि कड्याला काळा. लग्नासाठी पांढरा घेणार हे त्याने साऱ्या गावाला सांगितलं होतं, म्हणून सगळे धरून चालले की तोच नेला. शब्बीर पहिल्यापासून खरं बोलत होता. पांढरा पेटीतून हललाच नव्हता. मग कुंडलिकचे डोळे कशाने दिपले? कड्यावर चमकण्यासारखं काही नव्हतंच.”

कुंडलिकने घोंगडी आणखी आवळली.

“ज्याने पाहिलं असतं तो काळा म्हणाला असता. जो ऐकीव बोलतो तोच पांढरा म्हणेल. म्हणजे कुंडलिक ओढ्यावरून बघत नव्हता. होता कुठं? काखेत वळ होते. ते पडण्याचे नव्हेत, दोराचे. एकटा माणूस कड्यात उतरत नाही, वर दोर धरणारा लागतो. त्याच दुपारी वणवा आला. तुझ्या दावणीची जनावरं जिवंत आहेत, कुंडलिक. ओढ्यावरून धावत येईपर्यंत ती उरली नसती. कड्याच्या माथ्यावरून तुझा गोठा हाकेवर आहे. घोंगडी काढ. हात दाखव.”

कुंडलिकने घोंगडी काढली नाही. ती आपोआप गळून पडली. दोन्ही हात कोपरापर्यंत सोललेले होते.

“हे सगळं तर्कावर झालं,” फौजदार चाचरत म्हणाला. “कॅमेरा कुठं आहे?”

यमुताईंनी गाठोडं सोडलं. आत धुळीने माखलेला काळा कॅमेरा होता.

“घरट्याजवळच्या कपारीत, दगडांच्या बेचक्यात पक्का बसवलेला होता. फोटोच्या कळीला दुरून ओढायचा लांब दोरा बांधलेला. आज सकाळी भिमा मधवाल्याने हाताने चाचपून काढला. तुमची माणसं चकाकणारं शोधत होती, साहेब. काळ्या कातळातलं काळं कुणाला दिसणार?”

फौजदाराने कॅमेरा उचलला आणि त्याची मागची बाजू चाचपू लागला.

“उघडू नका, साहेब!” शब्बीर ओरडला. चावडीत आल्यापासूनचे त्याचे ते पहिले शब्द. “उजेड लागंल. दादांनी काढल्यालं समदं जाईल.”

फौजदाराने कॅमेरा जपून खाली ठेवला. मग शिपायाला खूण केली आणि शब्बीरची बेडी निघाली. शब्बीरने मनगट चोळलं नाही. त्याने कॅमेरा फडक्यात गुंडाळून छातीशी धरला आणि बसल्या जागी रडू लागला.

कुंडलिक दाराशी खाली बसला.

“धूर दिसला,” तो म्हणाला. “जनावरं हंबराय लागली. म्या खाली वरडून सांगितलं, येऊ नगा वर, म्या आलोच. वारं हुतं. ऐकू गेलं का न्हाई, देवाला ठावं. दोर करवंदीच्या खोडाला बांदला आन् पळालो. माघारी आलो तर खोडच उपटल्यालं. खाली जाऊन दोर सोडवला म्या. जाळला. माझ्यावर येऊ नये म्हनून, कोनतरी शेजारी हुतं, यंत्र चमकत हुतं, येवडंच बोललो हुतो. फौजदारसायब नाव घेत्याल, हे ध्येनात न्हवतं आलं.”

“नाव घेतलं तेव्हा गप्प का राहिलास?” यमुताईंनी विचारलं.

“भ्यालो.”

“दोर सोडून गेलास, त्याची शिक्षा देव ठरवेल. पण गप्प राहिलास, त्यात हा निरपराध माणूस मेला असता.”

“व्हय,” कुंडलिक म्हणाला. “त्ये खरं.”

*

शिपाई त्याला नेऊ लागले तेव्हा तो यमुताईंपाशी थांबला. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला.

“आईसाब, वनव्याचं तुमाला बनानं सांगितलं न्हवं?”

यमुताईंनी त्याच्या भाजलेल्या हातांकडे पाहिलं.

“तिला कळू देऊ नगा. तिच्या तोंडातनं गेलं म्हनून मी सापडलो, हे कळलं तर जगायची न्हाई ती. तिला वाटत हुतं, मी लई मोटं काम केलं.”

“शब्द दिला,” यमुताई म्हणाल्या.

चावडी रिकामी झाली. विनायकराव छकडा जुंपायला सांगून परत आले, तर वहिनी डोक्यावरून पदर सारखा करत उभ्या होत्या.

“निघायचं ना? दिवेलागणीच्या आत नसरापूर गाठू.”

“तुम्ही थांबा. बनाला बातमी दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मला गेलं पाहिजे.”

“पण वहिनी, ती विचारेल ना, कसं कळलं म्हणून? तुम्ही तर खोटं बोलत नाही.”

“कॅमेऱ्याचं सांगेन. नवरा पांढरा म्हणाला आणि निघाला काळा. तेही खरंच आहे.”

त्या चावडीची पायरी उतरल्या आणि जळक्या गवतातून वर जाणाऱ्या वाटेने एकट्याच चालू लागल्या.