अंगातलं लोखंड

पटो न पटो, ही घडलेली गोष्ट आहे. जिच्यावर गुदरली ती गोकुळा आजही बल्लारपुरात राहते. हे सांगताना तिचा आवाज अजून खाली जातो.

साल २००८. मे महिना. ठिकाण चंद्रपूर.

आणि वेळ भर दुपारची. भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे वाचावंच.

गोकुळाचा नवरा मनसाराम तळ्याकाठच्या गावचा, मासे धरणाऱ्या घरातला. लहानपणी तो आणि मोठा भाऊ दसरू मिळून बुड्या मारायचे, तळाशी खुंटात अडकलेली जाळी सोडवायचे. बुडी मारण्याआधी दसरू दर वेळी एकच सांगायचा, "दम धर."

एके दिवशी दसरू खाली गेला तो वर आलाच नाही. काढला तेव्हा पायाला जाळं गुंडाळलेलं होतं.

त्यानंतर मनसारामला पाण्यातून हाक ऐकू यायला लागली. झोपेत श्वास कोंडायचा. पोरगं निळं पडायचं. गावच्या जाणत्यानं त्याच्या मनगटात लोखंडाचं कडं घातलं. आईनं त्यावर आणखी एक उपाय सुरू केला. रोज विळा लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात विझवायचा आणि ते पाणी पोराला पाजायचं. लोखंडापुढे असलं काही टिकत नाही, अशी तिची पक्की समजूत.

हाक थांबली.

मनसारामनं तळं सोडलं ते कायमचं. लग्नानंतर बल्लारपूर स्टेशनबाहेर भज्यांची गाडी टाकली, डिंपल नावाची मुलगी झाली. उरलेली भजी गाडीवाल्याच्याच पोटात जायची, त्यामुळे पोटही चांगलं सुटलं. सासू वारली आणि विळ्याचं पाणी गोकुळा द्यायला लागली. एक दिवस चुकवलं नाही.

मग मनसारामला थकवा यायला लागला. तोंडावर काळपट रंग चढला. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं.

"लिव्हरवर चरबी आहे," त्या म्हणाल्या. "पण रक्तात लोखंडही फार दिसतंय. लिव्हरमध्ये दोन्ही किती साचलंय ते एमआरआयवर मोजू. सुई टोचायची गरज नाही."

 विळ्याच्या पाण्याची गोष्ट गोकुळाच्या ओठावर आली होती, पण तिनं ती गिळली.

एमआरआयवाला प्रवीण गोड बोलणारा मुलगा होता. म्हणाला, "भाऊ, ते कडं काढा. आत मोठं चुंबक आहे, लोखंड चालत नाही."

कडं निघता निघेना. शेवटी साबण लावून काढलं. खालची कातडी पांढरीफटक होती.

मनसारामनं मान वळवून मागं पाहिलं.

"कोनं हाक मारली काय?"

कुणीच मारली नव्हती.

गोकुळानं कडं मुठीत धरलं. नवरा घाबरला होता, म्हणून प्रवीणनं तिला काचेपलीकडच्या खोलीत आपल्याजवळ बसू दिलं. मनसारामच्या पोटावर एक पट्टा बांधला होता. तो श्वास घेई तशी इकडे कॉम्प्युटरवर एक रेघ वरखाली होई. मग ज्यावर निजवलं होतं त्या पाटासकट तो मशीनच्या नळीत गेला. दिसत होते फक्त पाय.

प्रवीण माईकवर म्हणाला, "श्वास घ्या... रोखा."

रेघ सपाट झाली. मशीन ठकठक करू लागली.

"सोडा."

पण चित्र आलं ते सगळं विस्कटलेलं. प्रवीणनं कपाळाला आठ्या घातल्या. "भाऊ, श्वास घेऊ नका ना मध्ये. चित्र हलते."

"मी त रोखूनच होतो जी," आतून आवाज आला.

पुन्हा तेच. रेघ सपाट, आणि चित्र हललेलं.

प्रवीण पुटपुटला, "पट्टा म्हणते श्वास बंद आहे. चित्र म्हणते चालू आहे. मंग श्वास घेऊन कोण राह्यलं?"

तो हसला. गोकुळा हसली नाही.

आतला माईक चालू होता. मशीन थांबलेली. त्या शांततेत तिला ऐकू येत होतं... एक श्वास नवऱ्याचा. घाबरा, भरभर.

आणि एक दुसरा. सावकाश... ओला...

"आता शेवटचं हं भाऊ. श्वास घ्या... रोखा."

या वेळी चित्र स्वच्छ आलं. प्रवीण खूश झाला. "सोडा," म्हणाला.

रेघ सपाटच.

"सोडा भाऊ. श्वास सोडा."

सपाट...

नळीबाहेरचे पाय हळूहळू वर-खाली हलायला लागले. पाण्यात माणूस पाय मारतो, तसे.

गोकुळा उठली. प्रवीण "बाई, थांबा" म्हणेपर्यंत तिनं दार उघडलंसुद्धा. मुठीत कडं आहे हे ती विसरली नव्हती. ते घेऊनच तिला नवऱ्याजवळ पोचायचं होतं.

दोन पावलं आत गेली असेल, तोच कुणी हिसकावल्यासारखं कडं मुठीतून सुटलं. हवेतून गेलं आणि नळीच्या तोंडाशी असं आदळलं की भिंती दणाणल्या.

त्याच क्षणी मनसारामनं मोठ्यानं श्वास घेतला.

बाहेर काढला तेव्हा तो खोकत होता. केस ओले होते. प्रवीण म्हणाला, घाम असेल. तो गोकुळाला खूप बोलला, आणि त्याचं चुकलं नाही, कुणाचा जीव गेला असता. पण कडं चुंबकाला असं चिकटलं की निघेना. कंपनीची माणसं बोलवावी लागली. ते पुन्हा हाती आलं नाही.

घरी परतताना मनसाराम एवढंच म्हणाला, "तो पोरगा म्हने सोडा. दसरूभाऊ म्हने धर. मी कोनाचं आयकू?"

तपासणीत चरबी मध्यम निघाली. लोखंड मात्र भरमसाट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते कमी करायचं तर अधूनमधून अंगातलं रक्त काढायचं. शरीर नवं रक्त बनवतं आणि त्यासाठी साठलेलं लोखंड वापरतं. नाही काढलं तर लिव्हर निकामी होईल.

रक्त काढायला सुरुवात झाली. विळ्याचं पाणी गोकुळानं आपणहून बंद केलं. तोंडावरचा काळपटपणा उतरला, मनसाराम पुन्हा गाडीवर उभा राहू लागला.

पण रक्त काढून आला की दुपारच्या झोपेत त्याचा श्वास थांबायचा. आधी थोडा... मग जास्त... गोकुळा शेजारी बसून हलवायची तेव्हा सुटायचा. दर खेपेला जास्त वेळ हलवावं लागायचं.

आणि तो थांबला असताना खाटेखालून दुसरा श्वास ऐकू यायचा. सावकाश. ओला.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वरचं लोखंड मशीननं घेतलं. आतलं डॉक्टर काढून राह्यले. मग दसरूला अडवणार कोण?

इकडे आड, तिकडे विहीर. तिनं विचार केला आणि एका सकाळी नवऱ्याला म्हणाली, "डिंपलचे बाबा, आता चंद्रपूरले जायाचं नाई."

"काऊन?"

"मले तुमी पायजे म्हनून."

तिनं पुन्हा विळा तापवला. आता सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा.

खाटेखाली शांत झालं. सगळं सुरळीत चाललं. गोकुळाला वाटलं, जिंकलो.

मग पाय सुजले. मग पोट. भज्यांचं पोट नव्हे, घट्ट, नगाऱ्यासारखं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "लिव्हर गेलं. पोटात पाणी झालंय."

पाणी हा शब्द ऐकून गोकुळानं खाटेखाली वाकून पाहिलं.

सिस्टरनं सुई घालून नळी लावली. बाटली भरू लागली. सिस्टरला कसलाच वास आला नाही. गोकुळाला आला... उन्हाळ्यात तळं आटल्यावर गाळाला येतो तो.

मनसारामनं डोळे मिटले. गाल फुगवले. ओठ घट्ट मिटले.

"सास सोडा जी," गोकुळा म्हणाली.

त्यानं सोडला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्त काढणं थांबवायला नको होतं. गावचे म्हणतात, मुळात काढायलाच नको होतं. गोकुळा दोघांचंही ऐकून घेते, आणि मग समोर जो असेल त्याला विचारते, "तुमी असते त काय केलं असतं?"

मलाही विचारलं.