भीमाबाईचा फोटो

"चोर मी? माझंच पुस्तक मी चोरलं?" चैताली शिवशरणनं एक जाडजूड पुस्तक टेबलावर आपटलं.

हवालदारकी सोडून खासगी तपास करणाऱ्या गौरम्मानं चहा बाजूला सारला. तिचा जोडीदार बिभीषण दचकला. डोकं जरा सावकाश चालायचं बिचाऱ्याचं, पण समोरच्या बाईचा संताप त्याला लगेच पोचला.

कॉलेजात शिकवणाऱ्या चैतालीनं सोलापूरच्या बीडी कामगार बायकांवर आठ वर्षं संशोधन केलं होतं. प्रकाशकांचे उंबरे न झिजवता ते स्वतःच्या वेबसाइटवर ठेवलं, सगळ्यांना फुकट. आता प्रकाशक वेणीमाधव म्हणत होता, हे पुस्तक आम्ही २०२१ सालीच छापलंय, बाईंनी त्यातूनच उचललं. आज चार वाजता कॉलेजात चौकशी होती. नोकरी जाणार होती आणि नावाला काळं फासलं जाणार होतं.

बिभीषणनं पुस्तक आणि चैतालीचा फोन शेजारी धरले. दोन्हींच्या शेवटी तोच फोटो: बीडी कामगार भीमाबाई, मांडीवर तान्ही पोर, खाली नाव. "केवढी तीट लावलीय कपाळाला! पण सगळं सेम टू सेम की. आधी कुणाचं, हे कळायचं कसं?"

प्रकाशनाच्या कार्यालयात वेणीमाधवनं गोड हसून दोघांना खुर्च्या दिल्या. "लेखकच फुकट वाटायला लागले, तर आम्ही काय टाळ कुटायचे? हे पुस्तक आमच्या संपादक वैदेहीनं वस्तीत फिरून लिहिलंय."

"फोटोपण तेव्हाचाच?" गौरम्मानं विचारलं.

"अर्थात! साल छापलंय की."

"भीमाबाईचं घर कुठं आहे हो?" गौरम्मानं शेजारी बसलेल्या वैदेहीला विचारलं.

"आता... आठवत नाही," वैदेही खाली मान घालून म्हणाली.

भीमाबाईच्या दारात पताका लटकत होत्या. "काल नातीचा दुसरा वाढदिवस झाला. येकुलती येक, लई नवसाची," म्हातारी म्हणाली. पोर दुडुदुडु पुढं आली.

"हिला अजून तीट लावता व्हय?" बिभीषणनं कौतुकानं विचारलं. गौरम्मानं मात्र ते कपाळ निरखलं आणि पुस्तकातला फोटो म्हातारीपुढं धरला.

"आधी म्या पुस्तकात माझं नाव टाकू दिलं न्हाई," भीमाबाई म्हणाली. "ठेकेदारानं काम बंद केलं असतं. पुस्तकात मी कमलम्मा. काम सोडलं तवा चैतालीला म्हणलं, आता लिव्ह माझं नाव, आन् काढ फोटू!"

"आजी, चार वाजता कॉलेजात यायचं. नातीला घेऊन."

"नातीला कशाला?" बिभीषणला काही उमगेना.

चौकशीत वेणीमाधव ऐटीत बसला होता. गौरम्मानं ओल्या पदरानं पोरीचं कपाळ खसाखसा पुसलं. काळा डाग होता तसाच राहिला.

"बिभीषण, ही तीट न्हाई. जन्मखूण आहे. फोटोतही हीच पोर, डागही हाच. काल दोन वर्षांची झाली. मग तिच्या जन्माआधीच, २०२१ साली छापलेल्या पुस्तकात ती बसली कशी? वेणीमाधव, तुम्ही वेबसाइटवरून सगळं उचललंत आणि जुनं साल टाकलंत. फोटोतल्या बाईच्या दारात एकदा जरी गेला असता, तरी वाचला असता!"

"मी नुसतं टाइप केलं," वैदेही रडवेली झाली. "वस्तीत गेलेच नव्हते."

वेणीमाधवचा चेहरा पडला. "मॅडम, मिटवून टाकू. तुमच्या नावानं छापतो. वेबसाइट तेवढी बंद करा."

"आधी इथं कबुली लिहून द्या," चैताली म्हणाली. "छापायचं तर माझ्या अटींवर. वेबसाइट बंद होणार नाही. या बायकांचं आयुष्य त्यांनाच विकत घ्यायला लावायचं? जमणार नाही!"

नातीला कडेवर घेऊन भीमाबाई प्रकाशकासमोर उभी राहिली.

"आन् माझं नाव मोठ्ठं छाप. चाळीस वर्सं लपून ऱ्हायले म्या."