नावांचं पान

पहिल्यांदा कल्याण आला तो चुकूनच. अंबडची बस हुकली, ऊन टाळायला चर्चच्या व्हरांड्यात शिरला आणि तिथं दर रविवारी बायबलं विकणाऱ्या सत्यशीलाच्या टेबलाला गुडघा आपटून घेतला. लाजून म्हणाला, "बायबल बघू का?" आज पाचवा रविवार, तरी त्याचं बघणं संपलं नव्हतं. आधी वाचून बघा, मग विकत घ्या, असं तिनंच सांगितलेलं... आता ते अंगाशी आलं होतं.

जुन्या भाषांतराचं नेलं, परत आणलं. "माझ्या साळूआजीला पाठ हाये, मी अडखळतो." सोप्या भाषेतलं नेलं. "मला समजतं, पण आजी म्हणती हे आपलं न्हाई." मग टिपांवालं. "वर दोन ओळी वचन, खाली पानभर टिपा... वाचावं काय?" परत देताना मात्र त्याची नजर पुस्तकावर नसायची, तिच्यावर असायची, पण तोंडानं तसं काही बोलत नसे. तिला राग होता तो त्याचाच. बुधवारी शहागडचे पाहुणे तिला बघायला येणार, हे तिनं त्याला दोनदा ऐकवलं होतं. आणि हा बाबा अजून टिपांवरच बोलत होता.

"आज शेवटचं विचारते. तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

त्यानं पिशवीतून आजीचं जाडजूड बायबल काढलं, पहिलं पान उघडलं. चार पिढ्यांचे जन्म, लग्नं, नावं... पान काठोकाठ भरलेलं.

"इथं जागा न्हाई राह्यली. मला एक नाव लिहायचंय. तुमच्या एकाबी बायबलात असं कोरं पान न्हाई."

सत्यशीलाला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे पाच रविवार तुम्ही पान शोधत होतात? मग ती आजीची कारणं?"

"ती बी खरीच हायेत."

"देवानं तोंड न्हाई दिलं का तुम्हाला?"

"दिलंय... तुमच्यासमोर चालत न्हाई."

तरी तिचा राग काही उतरला नाही. तिनं वहीतला एक कोरा कागद फाडला, डिंक लावून आजीच्या बायबलात चिकटवला. "घ्या. लिहा."

त्यानं खिशातली पेन्सिल काढली. आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग शेजारी, फिकट — सत्यशीला. "तुम्हाला न्हाई पटलं तर... खोडता येईल."

काय म्हणावं या माणसाला. तिनं पेन्सिल काढून घेतली आणि टेबलावरचा पेन त्याच्या हातात दिला.

"पेनानं लिही, कल्याण. आणि मंगळवारी आजीला घेऊन घरी ये. बुधवारी उशीर होईल."