दोन्ही खिट्ट्या उघड्या

तो खरं तर वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला निघाला होता. मीच त्याला जिन्यात अडवलं. त्याच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर डोकावत होता, आणि माझा कॉम्प्युटर सकाळपासून ढिम्म होता. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. त्याने वाकून डब्याच्या मागचं एक बटण दाबलं, मशीन सुरू झालं आणि माझा पोपट झाला. धूळ पुसताना ते मीच बंद केलं होतं.

"मोठा बिघाड होता," तो गंभीरपणे म्हणाला. डोळे मात्र हसत होते... झालं, मी तिथेच गारद!

मग आमच्या मशीनची देखभाल त्याच्याकडेच आली. पंखा घरघरला, तो आला. पुन्हा घरघरला, पुन्हा आला. दर वेळी शेजारी बसवून शिकवायचा. "आधी वायरी बघायच्या. तीन लांब बीप आले, तर रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, सैल. प्लग काढायचा, पट्टी खोडरबराने हलकेच घासायची, परत बसवायची." मी त्याच्या बोटांकडेच बघत बसायची.

एका सोमवारी कळलं, त्याची बदली झाली. दोन तासांवरच्या शहरात, शनिवारपासून. त्याआधी बोलले नाही, तर सगळं मनातच राहणार होतं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या. मी प्लग काढला, झाकण उघडलं आणि हलती दाढ काढावी तशी रॅमची पट्टी सैल केली. मग सगळं बंद करून त्याला फोन लावला, आणि डॉक्टरीणबाईंनाही मशीन बंद पडल्याचं कळवलं.

तो वीस मिनिटांत हजर. झाकण काढून आत बघतच राहिला.

"पट्टी धरून ठेवणाऱ्या दोन्ही खिट्ट्या उघड्या आहेत. या आपोआप उघडत नाहीत हं..."

माझे कान तापले. "उंदीर असेल."

"त्याने झाकणाचे स्क्रूही परत लावले?"

"चांगला गुरू मिळाला असेल त्याला!"

तो हसला नाही.

"मीही एक सांगू?" तो खाली बघत म्हणाला. "तो पंखा पहिल्याच दिवशी नीट झाला असता. मी मुद्दाम थोडी धूळ ठेवायचो."

"का?"

"फोनवर तुम्ही दिसत नाही ना—"

तेवढ्यात बाहेरून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "अगं, झालं का सुरू?"

त्याने डबा माझ्याकडे सरकवला. मी पट्टी दाबली. खट्! प्लग लावला, एकच बारीक बीप आला आणि स्क्रीन उजळली.

त्याने घाईने सर्व्हिसचा फॉर्म काढला. "बिघाडाचं कारण काय लिहू?"

"तुम्ही जाताय, हे लिहा." आता माघार नव्हती. "मला तुम्ही आवडता. आणि दोन तास म्हणजे काही फार लांब नाही."

तो लिहीत राहिला. मग कागद माझ्यापुढे केला. माझं वाक्य जसंच्या तसं होतं, आणि 'उपाय' या रकान्यात होतं— 'मलाही. रविवारी अकरा वाजता भेट. हत्यारं न आणता.'

मी खाली ठसठशीत सही ठोकली.

त्या फॉर्मखाली कार्बन असतो, एक प्रत त्याच्या साहेबांकडे जाते आणि दुसरी डॉक्टरीणबाईंच्या फाइलला लागते, हे आम्हा दोघांनाही आठवलं ते थेट सोमवारी. तोवर रविवार आमचा झाला होता.